शाळा सुटल्यावरच्या दोन तासांचा इतिहास



परवा आमच्या वाडीतल्या विहारात बैठक झाली. श्रीवर्धन तालुक्यातली ही बौद्धवाडी, पस्तीस-चाळीस घरांची. त्यातली निम्मी घरे गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद, कारण माणसे मुंबईला. बैठकीपुढे विषय एकच होता : विहारात रोज संध्याकाळी पाच ते सात मुलांचा जो वर्ग भरतो, तो पुढे चालू ठेवायचा की बंद करायचा?

आक्षेप दोन आले. पहिला आमच्या एका वडीलधाऱ्या काकांचा. या विहाराच्या पायासाठी त्यांनी स्वतः डोक्यावरून चिरे वाहिले आहेत, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन आहे. त्यांचे म्हणणे, "विहार काय खेळाची जागा हाय? इथं वंदना व्हायची, तर पोरं कॅरम आपटतात नि नाटकाच्या नावानं ओरडतात." भिंतीला चिकटवलेल्या कागदांनी रंगाचे पोपडे निघाले, हेही त्यांनी दाखवले, आणि ते खरे होते. दुसरा आक्षेप पालकांचा. "दोन तास मिळतायत तर गणित-इंग्रजी घ्या, नवोदयची, स्कॉलरशिपची तयारी करून घ्या. गोष्टी नि नाटकं करून पोरांना नोकरी लागणार आहे का?" मुंबई मंडळाच्या प्रतिनिधींनीही मान डोलावली. निर्णय पुढच्या पौर्णिमेच्या सभेवर गेला.

दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत आणि घेणारे आपलेच आहेत. त्यांना घोषणांनी उत्तर देता येत नाही. बैठकीत आम्ही जे तुटक बोललो ते इथे सविस्तर मांडतो, कारण असे विहार कोकणात वाडीवाडीवर आहेत आणि संध्याकाळी पाच वाजता त्यांतल्या बहुतेकांना कुलूप असते. आमचा दावा असा आहे की शाळा सुटल्यानंतर मुलांनी वाचणे, लिहिणे, खेळणे, नाटक करणे हे आंबेडकरी चळवळीला बाहेरून चिकटलेले फॅड नाही. चळवळीतली मोठी माणसे आणि मोठी कामे याच वेळेत घडली आहेत. हा इतिहास आपण जयंतीला सांगत नाही, म्हणून तो आपल्याला परका वाटतो.

सुरुवात गुणपत्रिकेपासून करू, कारण पालकांचा सगळा जोर तिच्यावर आहे. बाबासाहेब १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे शेकडा ३८ सुद्धा भरत नाहीत. आजच्या कोणत्याही क्लासवाल्याने या मुलाला मागच्या बॅचला टाकले असते. संस्कृत शिकायची इच्छा असून ते शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. एल्फिन्स्टन हायस्कुलात फळ्यावर गणित सोडवायला शिक्षकांनी बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातल्या पोरांनी धावत जाऊन ते आधी बाजूला काढले. शाळेने या मुलाला दिले ते असे.

मग तो घडला कुठे? शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. एक मुलगा रोज येतो, खेळत नाही, वाचतो, हे त्यांनी पाहिले, चौकशी केली, जात कळल्यावर तोंड फिरवले नाही, उलट पुस्तके आणून द्यायला लागले. पुढे या मुलाच्या सत्कारसभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. धनंजय कीर हा प्रसंग मॅट्रिकनंतरचा म्हणून देतात. बाबासाहेब स्वतः १९५६ मध्ये 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथी पास झाल्यानंतरचा सांगतात. साल कुठलेही धरा. ते पुस्तक वाचल्यावर मुलाने वडिलांना विचारले की आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, बौद्ध साहित्य का नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवरचे पहिले पुस्तक शाळेच्या दप्तरातले नव्हते. ते एका बागेतल्या ओळखीतून हातात आले. सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही हेच केळुसकर होते.

यावर कोणी म्हणेल, ते बाबासाहेब होते, प्रत्येक मूल बाबासाहेब नसते. कबूल. म्हणूनच त्या बागेच्या बाकाची जबाबदारी नशिबावर सोडता येत नाही. त्या मुलाला केळुसकर योगायोगाने भेटले. ज्यांना भेटले नाहीत त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

घरची बाजूही पाहा. परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब. तिथेच चूल, तिथेच पाहुणे, तिथेच झोपणे. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला उठवून अभ्यासाला बसवून आपण आडवे होत. पुस्तकांसाठी त्यांनी लेकींकडून पैसे उसने घेतले, त्यांचे दागिने गहाण टाकले. आपण ही गोष्ट बापाच्या त्यागाची म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती जागेची आणि वेळेची गोष्ट म्हणूनही वाचायला हवी. ज्या घरात शांत कोपरा नाही आणि दिवसा मोकळा तास नाही, तिथे अभ्यासाची जागा रात्री दोन वाजता तयार करावी लागते. आमच्या वाडीत आज वीज आहे, मोबाइल आहे, पण पाचवीतल्या मुलीला वही पसरायला कोपरा मिळतोच असे नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बुर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. सोप्या भाषेत : ज्या घरात आजोबा वर्तमानपत्र वाचतात, आई गाण्याच्या क्लासला सोडते, मामा अमेरिकेतून पुस्तके पाठवतो, त्या घरातले मूल शाळेत येण्याआधीच शाळेची भाषा शिकलेले असते. शाळा ही मिळकत तपासते, तिला 'हुशारी' म्हणते आणि तिचे गुण देते. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १९८२ पासून पहिलीतल्या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थितीतली मुले जवळजवळ सारख्याच वेगाने पुढे जातात आणि सुट्टीत अंतर वाढते, असे त्या अभ्यासकांना आढळले. पुढे या निष्कर्षावर वाद झाले, मोजण्याच्या पद्धतीवर प्रश्न आले, तेही खरे. पण आम्हाला आमच्या वाडीत बाल्टिमोरची गरज पडत नाही. साडेदहा ते पाच मुले एकाच शाळेत, एकाच फळ्यासमोर असतात. पाचनंतर एक शिकवणीला जातो, एक तबल्याला, आणि एक पर्यटकांच्या गाड्यांभोवती घुटमळतो. शाळा सुटते तेव्हा जात भरते, असे आमच्यातला एक कार्यकर्ता म्हणतो.

बाबासाहेबांना हे अनुभवाने माहीत होते, आणि त्यांनी काम सुरू केले तेव्हा हात घातला तो नेमका इथे. ९ मार्च १९२४ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बैठक झाली आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे उद्देश आपल्यापैकी कितीजणांनी वाचले आहेत? वसतिगृहे काढणे, वाचनालये काढणे, सामाजिक केंद्रे आणि स्वाध्याय संघ चालवणे, उद्योगाच्या आणि शेतीच्या शाळा काढणे. नेहमीची प्राथमिक शाळा काढण्याची घाई यात दिसत नाही. शाळा देणे सरकारचे काम, तो आपला हक्क. सभेने लक्ष दिले ते शाळेच्या भोवतालच्या रिकाम्या जागेकडे : मूल राहणार कुठे, खाणार काय, शाळा सुटल्यावर वाचणार काय आणि कोणाबरोबर.

४ जानेवारी १९२५ रोजी सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरू झाले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने 'सरस्वती विलास' नावाचे मासिक निघाले. ज्यांच्या घरात आधीच्या पिढीला अक्षरओळख नव्हती, त्या पोरांनी मासिक चालवले. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय उघडले आणि, हे काकांनी मुद्दाम ऐकावे, महार हॉकी क्लब काढला. हॉकी क्लब! समाजाचे रोजचे हाल चालू असताना, पाण्याचा आणि पोटाचा प्रश्न समोर असताना, बाबासाहेबांच्या संस्थेला हॉकीसाठी वेळ होता. कारण तरुण मुले रिकाम्या वेळात जुगाराकडे आणि दारूकडे जात होती, आणि नुसते उपदेश करून ती थांबणार नव्हती. त्यांना त्या वेळेत दुसरे काही तरी द्यायला हवे होते, आणि ते त्यांना आवडेल असे हवे होते. कॅरम बोर्डावर आक्षेप घेणाऱ्यांनी आधी हॉकी क्लबावर घ्यावा.

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी शिक्षणासाठी वेगळी संस्था काढली, तिचे कामही वसतिगृहांचेच. पनवेल, नाशिक, पुणे, धारवाड या ठिकाणी माध्यमिक शाळांत जाणाऱ्या मुलांची सोय त्यातून झाली. पनवेल म्हणजे आपलाच जिल्हा, तेव्हाचा कुलाबा.

आणि आता महाडकडे येऊ. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद आपल्याला चवदार तळ्यासाठी पाठ आहे. तिचे पूर्ण नाव कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. तळ्याकडे कूच झाली त्याआधी तिथे ठरावही झाले. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करा, वसतिगृहांना मदत द्या, अशी सरकारकडे मागणी. स्पृश्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना वार लावून जेवायला घालावे, असे त्यांना आवाहन. म्हणजे पाण्याच्या लढ्याच्या व्यासपीठावरही विद्यार्थ्याच्या संध्याकाळच्या जेवणाची चर्चा होती.

ही परिषद भरवण्यासाठी ज्यांनी धावपळ केली ते रामचंद्र बाबाजी मोरे. पुढे ते कॉम्रेड आर. बी. मोरे म्हणून ओळखले गेले. या माणसाचे बालपण आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. हुशार मुलगा, महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मागायला गेला, नकार मिळाला. त्याने काय केले? तक्रारीचे पत्र लिहिले, ते वर्तमानपत्रात छापून आले आणि शाळेला प्रवेश द्यावा लागला. पुढे महाडच्या बाजारात आपल्या लोकांना प्यायला पाणी मिळत नाही हे पाहून या शाळकरी पोराने गळ घालून आपल्यातल्याच एकाला चहाचे दुकान टाकायला लावले. बाजाराला येणारी माणसे तिथे टेकत, पाणी पीत, गाऱ्हाणी सांगत, अर्ज लिहून घेत. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला बोले ठराव आणि महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव ही कायदेशीर बाजू होती. पण माणसे एकत्र यायची सवय अशा जागांतून लागली होती. एका विद्यार्थ्याने शाळेबाहेर लिहिलेले पत्र आणि शाळेबाहेर उघडलेले दुकान. याला आजच्या भाषेत 'उपक्रम' म्हणतात आणि त्याचे फोटो काढतात.

इथे आपल्या श्रीवर्धनबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती स्थानिक भाषणांत नेहमी गाळली जाते. १९२७ मध्ये श्रीवर्धन कुलाबा जिल्ह्यात नव्हते. ते जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाच्या संस्थानात होते, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर जिल्ह्यात आले. बोले ठराव मुंबई कायदेमंडळाचा, तो नबाबाच्या हद्दीत लागू नव्हता. महाड शेजारी, पण ठराव शेजारी नव्हता. आमच्या आजा-पणजांना महाडची बातमी खाडी ओलांडून आणि मुंबईच्या चाळींतून मिळाली. आज श्रीवर्धनच्या कोणत्याही शाळकरी मुलाला विचारा, पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ इथले हे तो झटकन सांगेल, कारण पुतळा आहे, सहल जाते, निबंध येतो. स्वतःच्या वाडीला सार्वजनिक विहिरीवर पाणी कधीपासून भरता येऊ लागले, हे मात्र त्याला माहीत नसते. ते कोणत्याही पुस्तकात नाही. ते फक्त संध्याकाळी आजीजवळ बसून विचारता येते, आणि आजी आहेत तोवरच.

म्हणून आमच्या वर्गातले सगळ्यात जास्त चालणारे काम म्हणजे भित्तिपत्रक. मुले वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारतात आणि उत्तरे लिहितात. चुका आम्ही सुधारतो, वाक्ये त्यांची राहू देतो. एकदा सातवीतल्या दोन मुलींनी आपल्या त्या काकांचीच मुलाखत घेतली. तेव्हा जे निघाले ते आम्हालाही नवे होते. काका गावात चौथीपर्यंत शिकले, ते विसरले, मग मुंबईला गिरणीत लागले. वाचायला-लिहायला खऱ्या अर्थाने शिकले ते चाळीतल्या रात्रीच्या वर्गात, पाळी सुटल्यावर. तिथे अक्षरे गिरवून झाली की एकजण मोठ्याने पेपर वाचत असे आणि शेवटी गाणी होत. "गाण्यासाठीच जायचो मी," काका म्हणाले. मुलींनी तेही लिहून घेतले.

काकांचा रात्रीचा वर्ग हा एका जुन्या परंपरेतला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली. १९११ मध्ये ना. म. जोशींनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने मुंबईच्या गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. वामनदादा कर्डकांना पत्र वाचता येत नव्हते, त्याची लाज वाटून ते चाळीत मोठेपणी अक्षरे शिकले, आणि पुढे गावोगाव त्यांची गाणी गेली. जलशांनी तर सगळे शिक्षण रात्रीच दिले.

बाबासाहेबांनी कॉलेजे काढली तेव्हाही हाच धागा सोडला नाही. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरत असे, आणि जानेवारी १९५० मध्ये देशाचे कायदामंत्री असताना बाबासाहेब तिथे हिंदू कोड बिलावर बोलले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. ते १९५५ मध्ये विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले आणि १९५६ मध्ये धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरला त्याचा प्रयोग झाला. दीक्षेच्या सोहळ्यात नाटक! त्याच मिलिंदच्या परिसरातून पुढे दलित साहित्याची एक मोठी पिढी उभी राहिली. ती काही परीक्षेच्या गाइडांतून उभी राहिली नाही. "नाटकं करून काय होणार" याचे आमच्याकडे यापेक्षा चांगले उत्तर नाही.

आपण ही जागा सोडली तेव्हा ती रिकामी राहिली असे समजू नका. १९२५ मध्ये नागपुरात सुरू झालेल्या संघाने मुलांच्या दिवसातला एकच तास मागितला, आणि त्यात आधी खेळ ठेवले. त्यांचा विचार आपल्याला मान्य नाही, पण रोज, ठरलेल्या वेळी, मैदानावर, न चुकता, ही शिस्त पाहून निदान स्वतःला प्रश्न तरी पडावा. आपल्याकडे समता सैनिक दल होते, आहे. भारतीय बौद्ध महासभेची धम्म संस्कार शिबिरे आणि श्रामणेर शिबिरे होतात, त्यांचा आम्हाला आदर आहे, आमच्यातले काहीजण त्यांतूनच आले. पण शिबिर दहा दिवसांचे आणि वर्षातल्या संध्याकाळी तीनशे पासष्ट.

दुसरे उदाहरण आपल्याला जास्त लागेल असे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतले अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे, बाणाही घेतला. त्या ब्लॅक पँथरांनी जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना सकाळची मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली होती, आणि त्याच वर्षी लिबरेशन स्कूल नावाचे मुलांचे वर्ग काढले होते. बंदूक घेतलेल्या तरुणाचा फोटो आपल्याकडे पोचला. अंडी तळणाऱ्या तरुणाचा पोचला नाही. पँथरने आपल्याला भाषा दिली, निर्भयता दिली, ते ऋण मोठे आहे. तरी आमच्या पिढीने हा उरलेला भाग कधी तरी मागायला हवा.

आता स्वतःकडे. सध्या आपण मुलांसाठी काय करतो? जयंतीच्या आधी आठ दिवस वडीलधारे भाषण लिहून देतात, मूल ते पाठ करते, माइकसमोर एका दमात म्हणते, टाळ्या, वह्या-पेन, संपले. सामान्य ज्ञान स्पर्धेत ते जन्मतारखा सांगते. त्याच मुलाच्या हातात साधे गोष्टीचे पुस्तक दिले तर अडखळते. आम्ही स्वतः अशी भाषणे लिहून दिली आहेत, म्हणून हे बोलायचा अधिकार घेतो.

आमचा वर्ग सुरू झाला तो काही योजना आखून नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले. पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौले आणि शाळांचे पत्रे उडाले, वीज आठवडेच्या आठवडे नव्हती. त्यात करोनाने शाळा बंद, आणि वरून सांगत होते ऑनलाइन शिका. टॉवर पडलेला, मोबाइल चार्ज करायला सोय नाही, कसले ऑनलाइन! आम्ही ताडपत्र्या आणि धान्य वाटायला आलो होतो. विहाराचे छप्पर त्यातल्या त्यात शाबूत होते, मुले तिथे जमत. कोणी तरी गोष्ट सांगायला लागले. दुसऱ्या दिवशी मुले आपणहून पाच वाजता येऊन बसली. इतकेच.

तेव्हापासून वर्ग दोनदा बंद पडला. एकदा शिकवणारा मुलगा मुंबईला नोकरीला गेला म्हणून, आणि एकदा आमच्या चुकीने. ती चूक लिहायला हवी. आम्ही वेळ ठेवली संध्याकाळी पाच ते सात, आणि सहा महिन्यांनी पाहतो तर मोठ्या मुली एकही नाहीत. त्यांच्या संध्याकाळी मोकळ्या नव्हत्याच. आई होम-स्टेमध्ये भांडी घासायला किंवा सुपारी सोलायला गेलेली, मग घरचे पाणी, तांदूळ निवडणे, धाकट्या भावाला सांभाळणे, हे सगळे त्यांच्याकडे. आम्ही पुरुषांनी, जातीच्या प्रश्नावर एवढे वाचलेल्यांनी, 'मोकळा वेळ' ही गोष्ट मुलाच्या डोळ्यांनी मोजली होती. मग धाकट्या भावंडांना सोबत आणायची मुभा दिली, मुलींसाठी रविवारी दुपारचा वेळ वेगळा ठेवला आणि चार घरी जाऊन आयांशी बोललो. एका आजीने सुनावले, "पुस्तक वाचायला न्या पोरीला, पण भात कोण लावणार ते सांगा आधी." तिच्या नातवाला भात लावायला शिकवायचे ठरले. तो शिकला. सगळ्या मुली परत आल्या नाहीत.

पालकांच्या गणिताच्या मागणीलाही आम्ही उडवून लावत नाही. स्पर्धा परीक्षेत आपली मुले यायला हवीत, आरक्षणाची जागा रिकामी राहता कामा नये. पण गणित म्हणजे फक्त उदाहरणसंग्रह नव्हे. जीवना बंदरावर जाऊन मुलांनी पंधरा दिवस भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या. रोज वेळ साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते हे त्यांनीच काढले, आणि त्यातून सरासरी शिकली. कोळीवाड्यातली दोन मुले तेव्हापासून वर्गाला येतात, कारण या विषयात ती सगळ्यांपेक्षा हुशार निघाली. विहारात कोळ्यांची मुले येऊन बसतात, या एका गोष्टीसाठी तरी वर्ग चालायला हवा, असे आमच्यातल्या काहींना वाटते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांना आंबडव्याला नेले. बाबासाहेबांचे मूळ गाव आपल्या किती जवळ आहे हे श्रीवर्धनमध्येही अनेकांच्या लक्षात नसते. बागमांडल्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी, तिथून मंडणगड तालुका सुरू. बोटीत मुलांच्या हातात त्यांनीच काढलेला नकाशा होता. सहावीतल्या एका मुलाने नकाशावरून बोट फिरवत विचारले की ही सावित्री नदी महाडवरून येते ना? म्हटले, हो. "म्हणजे महाडचं पाणी आपल्या इथं येऊन समुद्राला मिळतं." आणि तो कठड्यावरून खाली वाकून पाहत राहिला. हे वाक्य आम्ही त्याला लिहून दिले नव्हते. त्या आठवड्याच्या भित्तिपत्रकात ते त्याने स्वतः, दोन शुद्धलेखनाच्या चुकांसह, लिहिले.

पौर्णिमेच्या सभेसाठी आमची तयारी अशी आहे. भित्तिपत्रकाला लाकडी फळा करून घेतला आहे, भिंतीला यापुढे कागद लागणार नाही आणि निघालेला रंग मे महिन्यात आम्ही देऊ. वंदनेच्या वेळेआधी पंधरा मिनिटे कॅरम उचलला जाईल. आठवड्यातले दोन दिवस गणित-इंग्रजीचे, एक शिक्षिका ते घ्यायला तयार आहेत. विहाराची किल्ली काकांकडेच राहील. सभेत बोलणार आहेत त्या सातवीतल्या दोघी, आणि वाचणार आहेत काकांचीच मुलाखत, गाण्यांच्या वाक्यासकट. सभा सातची आहे. काकांना आम्ही त्या दिवशी साडेपाचला यायला सांगितले आहे. येतो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.